सायकल येते म्हणजे काय!

शुगर लँड, टेक्सास
मंगळवार, ६ मे २०२५

शुभास,

तुझ्या अटी पाळून लिहितो आहे. फोन नाही, मेसेज नाही, फॉरवर्ड तर नाहीच नाही. "सांगायचं असेल ते स्वतःच्या डोक्यातलं, स्वतःच्या हाताने, कागदावर लिहा," असं तू विमानतळावर चारचौघांत म्हणालीस. घरात कागद सापडायला अर्धा दिवस गेला, शेवटी प्रिंटरच्या पोटातून काढला. आता पत्र लिहायचं, त्याचा फोटो काढून वैदेहीला पाठवायचा आणि तिने तो फ्रान्सला तुझ्याकडे धाडायचा, अशी व्यवस्था तुझ्या लेकीने लावली आहे. पिस्कॅटवेत बसून ती आईबापांची पोस्टमास्तरीण झाली आहे. मला दर फोनला एकच वाक्य ऐकवते, "बाबा, बी नाइस."

तर मी नाइस आहे. तू बरी असशील. राधिकाही बरी असेल. चाळीस वर्षांपूर्वीची कॉलेजची मैत्रीण लीलसारख्या गावात राहते आणि नवऱ्याच्या पश्चात खडीच्या वाटांवर सायकली हाकत फिरते, तिच्या नादाने बासष्ट पूर्ण केलेली बाईही सायकलवर बसते, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी म्हणत नाहीच आहे.

तुझे फोटो पाहिले. कालवा, कालव्याकाठची वाट, पॉप्लरची झाडं आणि नजर जाईल तिथवर सपाट. ती रोपं बिटाची आहेत आणि त्यापासून साखर करतात, असं तू लिहिलं आहेस. आपल्या गावाच्या नावात साखर आहे, पण घरातला साखरेचा डबा तू कुठे लपवून गेलीस ते लिहिलेलं नाहीस. तीन दिवस गुळाचा चहा पितो आहे.

आता मुद्द्याचं. जाता जाता तू म्हणालीस, "बारा जूनला राधिका आणि मी आमियेंहून निघणार, सोम नदीच्या काठाने थेट समुद्रापर्यंत. तुमची जागा ठेवली आहे. गुडघा घरी ठेवून या हवं तर, पण या. नाही आलात तर मी अठ्ठावीसला परत येत नाही. जुलैभर इथेच राहीन, आणि मग पुढचं पुढे बघू." पुढचं म्हणजे काय, हे विचारायच्या आत तू सिक्युरिटीच्या रांगेत शिरलीस.

गुडघा अजून तसाच आहे. तुझ्याबरोबरचं माझं तिकीट कॅन्सल केलं ते त्याच्यामुळेच. कोणता गुडघा, असं वैदेहीने विचारलं. मी डावा म्हणालो. तुला मी उजवा सांगितला होता असं ती म्हणते. तर दोन्ही समज.

कळावे,
गुरुनाथ

शुक्रवार, १६ मे

शुभास,

साखर सापडली. इस्त्रीच्या टेबलामागे! तुझ्या बुद्धीला नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर वैदेहीला माझं कोपर दिसलं, ते तिने तुला सांगितलं असणार. मी बागेत गुलाबाची छाटणी करत होतो. आपल्याकडे गुलाब नाही हे मला माहीत आहे. शेजारच्यांचा होता. मनगटाला पट्टा आहे तो लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना लागल्यामुळे. पायावर लाल पुरळ आहे ते मुंग्यांचं. टेक्सासच्या या आगमुंग्या कुणाच्या बापाला भीत नाहीत. त्यांच्या वारुळात माणूस आडवा पडला तर त्या त्याला क्षमा करत नाहीत. माणूस वारुळात आडवा का पडेल, हा प्रश्न वेगळा.

आपल्या शेजारची प्रीता हल्ली मराठी मंडळाची सेक्रेटरी झाल्यापासून नागपूरच्या पोलीस खात्यात असल्यासारखी वागते. घरासमोर रोज सकाळी एक लाल पिकअप ट्रक थांबतो आणि त्यातून डोलोरेस नावाची बाई उतरते, असं तिने तुला कळवलं असेल. डोलोरेस एकाहत्तर वर्षांची आहे, शाळेची बस चालवून निवृत्त झाली आहे आणि तिच्यात संशय घेण्यासारखं काहीही नाही. ती माझ्या गुडघ्यांकडे बघते असं समज. रोज सकाळी ब्राझोस नदीच्या बांधावर मला व्यायाम करायला लावते. नदीकाठ, बारीक खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट रान. तुझ्याकडच्यासारखंच, फक्त उकाडा आणि मगरीची पाटी एवढा फरक.

बाई कडक आहे. पहिल्या दिवशी मी तिला समतोलाचा सिद्धांत आकृती काढून समजावला. मी तीस वर्षं पाइपलाइनचं डिझाइन केलेला माणूस. तिने आकृती घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाली, "मिस्टर गुरू, लुक ॲट द रोड." तेव्हापासून रस्त्याकडे बघतो आहे. म्हणजे व्यायाम करताना.

मंडळातल्या बायकांनी गुडघ्यांसाठी तेलं आणून दिली आहेत. अकरा बाटल्या. घराला आयुर्वेदिक दवाखान्याचा वास येतो आहे. तू कधी येणार, असं सगळ्या विचारतात. मी अठ्ठावीस जून सांगतो. बरोबर आहे ना?

गुरुनाथ

रविवार, २५ मे, सकाळी दहा

शुभा,

घाईत लिहितो आहे. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप तू महिनाभरासाठी म्यूट केलास, फार चांगलं केलंस. मन शांत राहतं. तो तसाच म्यूट राहू दे. विशेषतः आज उघडू नकोस. उद्याही नको. त्यात बघण्यासारखं काही नाही. कुणाच्या तरी नातवाची मुंज आहे, बस.

राधिकालाही दाखवू नकोस. ती ग्रुपवर नाही हे माझ्या लक्षात आहे.

गुरुनाथ

रविवार, २५ मे, दुपारी चार

प्रिय शुभा,

वैदेहीचा फोन आला होता. "बाबा, मघाचं लेटर पाठवायच्या आधी आईचाच कॉल आला. शी हॅज सीन इट." तेव्हा सकाळचं पत्र आणि हे पत्र एकदमच मिळेल.

आज सकाळी प्रीता कुत्र्याला फिरवायला बांधावर आली होती. तिने माझा फोटो काढून सगळ्या मंडळाला वाटला. खाली लिहिलं, "आपले गुरुनाथकाका, वय ६७, सायकल चालवायला शिकताहेत! रिस्पेक्ट!" फोटोत मी हेल्मेट घालून दोन्ही पाय हवेत पसरलेले, आणि मागून डोलोरेस सीट धरून धावते आहे. मी प्रीताला फोन केला, म्हटलं, "अगं, डिलीट कर." ती म्हणते, "अरे यार काका, किती इन्स्पायरिंग आहे! त्रेचाळीस लोकांनी टाळ्या वाजवल्यात." चव्वेचाळिसावी टाळी तुझी आहे की काय, ते बघायचं धाडस मला झालेलं नाही.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, तर नीट सांगतो. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. मला सायकल येत नाही. विसरलो नाही, सुटली नाही, कधी आलीच नव्हती.

पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात मी तुमच्या कर्वे रोडच्या घरी पोहे खायला आलो. तुझ्या बाबांनी पगार विचारला, आईने गोत्र, काकांनी चष्म्याचा नंबर. तू सगळा वेळ गप्प होतीस. शेवटी "मुलीला काही विचारायचं आहे का?" म्हटल्यावर तू मान वर करून एकच विचारलंस, "तुम्हाला सायकल येते का?" तू मला पसंत होतीस आणि मी तुला पसंत पडायचं बाकी होतं. मी म्हणालो, "येते म्हणजे काय!" हे काही खोटं उत्तर नव्हे, हा तर उलट प्रश्न आहे, असं मी चाळीस वर्षं मनाशी म्हणत आलो.

राजापूरच्या मागे आमच्या वाडीत सगळ्या पाखाड्या. दगडी पायऱ्यांवरून सायकल काय घरंगळवणार? बाराव्या वर्षी शाळेच्या उतारावर एकदा बसलो, तो थेट खोतांच्या शेणखतात जाऊन उतरलो. नंतर वर्षभर पोरं मला खत म्हणत. पुण्यात नोकरीला आलो तर सगळं शहर सायकलवर. मी बसने हापिसात जायचो आणि लोकांना पंक्चर झाल्याचं सांगायचो. सहा महिने रोज पंक्चर.

साखरपुडा झाल्यावर मात्र पंचाईत झाली. तू संध्याकाळी सायकल घेऊन यायचीस. मी रूम पार्टनरची मागून आणायचो, हातात धरून उभा राहायचो आणि म्हणायचो, "चालतच जाऊ या ना, गप्पा होतील." तीन महिने आपण मुठेच्या कालव्याकाठाने सायकली हातात धरून चाललो. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तू तेच सांगतेस, "आमचे हे सायकल असूनसुद्धा चालायचे, का, तर माझ्याबरोबर जास्त वेळ मिळावा म्हणून." आणि मी स्वयंपाकघरात चहा ढवळत उभा असतो. नवविवाहित पोरी आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देतात. मंडळातला रवींद्र अजून मला त्यासाठी शिव्या घालतो.

शुभा, चालायचो ते येत नव्हती म्हणून. पण एक सांगतो आणि हे तरी खरं मान. कालवा संपायला आला की मला वाईट वाटायचं. सायकलचं तेव्हा डोक्यातही नसायचं.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेलो. तिथे मोठ्या माणसांना सायकल शिकवण्याची डोलोरेसची जाहिरात लागली होती. बारा जूनला आमियेंला येऊन तुझ्यासमोर ऐटीत टांग टाकायची, असा बेत होता. सांगायची वेळच येणार नव्हती. एक खोटं झाकायला मी एकविसाव्या दिवशी पेडलपर्यंत पोचलो होतो.

काहीतरी उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालतील.

तुझा
गुरुनाथ

रविवार, १ जून

प्रिय शुभा,

सात दिवसांनी तुझं उत्तर आलं. वैदेहीने वाचून दाखवलं. एकच ओळ. "१९९४ साली गॅरेजमधली माझी सायकल खरंच चोरीला गेली होती का?"

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. ह्याची नव्हती.

नाही शुभा. चोरीला गेली नव्हती.

लायब्ररीतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून तू ती घेतली होतीस. निळी, पुढे वेताची टोपली. दर शनिवारी तू म्हणायचीस, "तुम्हीही घ्या ना एक. वैदेहीला मागच्या सीटवर बसवू आणि तिघं पार्कात जाऊ." कधी उन्हाचं, कधी ट्रॅफिकचं, कधी मोकाट कुत्र्यांचं, अशी कारणं सांगून मी दीड वर्ष काढलं. मग तू भावाच्या लग्नाला पुण्याला गेलीस आणि कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जुन्या वस्तू गोळा करत होते, तिथे मी ती देऊन आलो. तू परत यायच्या आत गॅरेजला भलंमोठं कुलूप लावलं. तू रडलीस, तेव्हा मी तुला "हा देशच असा आहे" म्हणून अमेरिकेवर अर्धा तास भाषण दिलं. आपल्या गल्लीतल्या लोकांनी त्या चोरीचा इतका धसका घेतला की गस्त सुरू केली आणि तिचा प्रमुख मलाच केलं. सहा वर्षं मी शिट्टी गळ्यात घालून स्वतःलाच शोधत फिरलो.

हे लिहिताना मला हसू आलं. मग ते थांबलं.

कारण त्यानंतर तू दुसरी सायकल घेतली नाहीस. "परत जाईल," म्हणायचीस. आणि मी म्हणायचो, "शहाणी आहेस." एकतीस वर्षं. पुण्याच्या रस्त्यांवर हात सोडून सायकल चालवणारी मुलगी मी लग्न करून आणली आणि तिला गाडीत शेजारच्या सीटवर बसवून ठेवलं, का, तर माझी फजिती होऊ नये. "मला सायकल येत नाही." चार शब्द आहेत. मी गेल्या महिन्यात डोलोरेसला पहिल्या भेटीत सहज सांगितले आणि ती म्हणाली, "ओके." एवढंच. जे एका परक्या बाईला सांगताना काही वाटलं नाही, ते तुला सांगायला मी भ्यालो.

माझ्या न येण्याचा तुला राग आलेला नाही, हे मला कळतं. वैदेही म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अबाउट यू नॉट रायडिंग. इट्स अबाउट हर नॉट रायडिंग." पोरगी शहाणी झाली आहे, तुझ्यावर गेली आहे.

तू पाठवलेल्या फोटोंतला एक मी आज पुन्हा पाहिला. नदीकाठी तू एक पाय टेकवून उभी आहेस, शूजला चिखल, केस विस्कटलेले. आपल्या अल्बममध्ये तुझा असा एकही फोटो नाही. मी शोधला. मला तुझी क्षमा मागायची आहे. मागतो.

बारा तारखेला मी यावं की नाही, ते आता तू सांगायचं. नको म्हणालीस तर मला समजेल. समजेल, पण आवडणार नाही.

तुझा
गुरुनाथ

सोमवार, ९ जून

प्रिय शुभा,

पत्र मिळालं. या खेपेला एक ओळ नाही, अख्खं पान! वैदेहीला वाचून दाखवू दिलं नाही, स्वतः वाचलं. तुझं अक्षर बदललेलं नाही.

तू लिहितेस, "तुमची पत्रं तीनदा वाचली. तिसऱ्यांदा शिट्टीपाशी हसू आलं आणि हसू आल्याचा संताप आला. त्या दिवशी मी जेवायला न थांबता चाळीस मैल गेले. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. कालव्याचं तर अजिबात नाही, मला ते फार आवडायचं. पण यायचं असेल तर या. बारा तारखेला सकाळी नऊला आमियेंच्या पुलावरून आम्ही निघतो. तुमच्यासाठी सायकल भाड्याने घेऊन ठेवलेली असेल. एक मात्र आधीच सांगते. तुम्हाला जमत नाही म्हणून मी सायकल हातात धरून तुमच्याबरोबर चालणार नाही. ते माझं चालून झालं."

चार वेळा वाचलं. रास्त आहे.

तिकीट काढलं आहे. उद्या दुपारी ह्यूस्टनहून निघतो, अकरा तारखेला पॅरिस, तिथून ट्रेन. प्रीता विमानतळावर ड्रॉप करते आहे आणि वाटेत खरचटलेल्या पायांचा फोटो काढू देणार का विचारते आहे. मंडळात आता मी आदर्श नवरा राहिलेलो नाही. परवा मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणायच्या जेवणाला, मी उभा राहून सगळ्यांना कालव्याची खरी गोष्ट सांगितली. बायका पाच मिनिटं माझ्याशी बोलल्या नाहीत. नवरे मात्र आळीपाळीने येऊन हात मिळवून गेले.

आता माझी परिस्थिती कशी आहे ते लपवाछपवी न करता लिहितो, म्हणजे पुलावर आश्चर्य नको. मला सलग अकरा मैल जाता येतं. वेग तुझ्या आजीच्या बैलगाडीइतका. डावीकडे वळता येतं, उजवीकडे अजून नाही. उजवीकडे जायचं असेल तर उतरतो, सायकल वळवतो आणि पुन्हा बसतो. थांबायला ब्रेक मारता येतो, पण घाबरलो की गवतात शिरतो. समोरून कुत्रा आला तर मी मराठीत ओरडतो, त्याचा टेक्साससारखाच फ्रान्समध्येही उपयोग नसणार. आमियें ते समुद्र नदीला उजवी वळणं किती आहेत ती मी नकाशावर मोजली. मोजायला नको होती.

डोलोरेसने काल शेवटच्या दिवशी माझी सीट धरली नाही. मला वाटत होतं ती मागे आहे. मी बोलत होतो, तिला तुझ्याबद्दल सांगत होतो. वळून बघितलं तर ती पाव मैल मागे, पिकअपला टेकून कॉफी पीत उभी. मी तसाच पुढे गेलो. सदुसष्टाव्या वर्षी कुणी धरलेलं नसताना माणूस वाऱ्यावर जातो तेव्हा काय वाटतं, ते मला काल कळलं. आणि शुभा, मग फार वाईट वाटलं. हे तुझं होतं आणि मी ते गॅरेजमधून उचलून देऊन आलो.

त्यामुळे माझीही एक अट आहे. तुझ्या इतक्या अटींनंतर एक चालावी. माझ्याकडे मान वळवून बघत सायकल चालवू नकोस, तुझा वेग कमी करू नकोस. मी मागून येईन. पडलो तर उठेन. वाट चुकायची भीती नाही, नदी शेजारी आहे आणि ती समुद्रालाच जाते. जिथे तुम्ही दोघी मुक्कामाला थांबाल तिथे मी संध्याकाळपर्यंत पोचेन, नाहीतर जेवणानंतर. माझ्या वाटणीचं झाकून ठेवा.

बारा तारखेला नऊच्या आत मी पुलावर येतोच आहे. पण ट्रेन चुकली, सायकल वळली नाही, काहीही झालं आणि नऊला मी तिथे दिसलो नाही, तर तू निघ. माझ्यासाठी थांबू नकोस.

तुझा
गुरुनाथ